धाटावची वाफ आणि हायड्रोजनचा अग्नि

रोह्याहून कोलाडच्या रस्त्याला लागलें कीं थोड्याच वेळांत धाटावची औद्योगिक वसाहत लागते. एकीकडे कुंडलिकेचें पात्र आणि भाताचीं खाचरें, दुसरीकडे कारखान्यांचीं धुराडीं व उंच मनोरे, आणि त्यांच्या माथ्यावर पांढऱ्या वाफेचे लोट असा येथला देखावा आहे. भर उन्हाळ्यांत कोंकणांतल्या बहुतेक नद्या आटून दगडगोट्यांच्या वाटा होतात; कुंडलिका मात्र वाहत राहते. याचें कारण तिच्या स्वतःच्या उगमांत नाहीं. तें सह्याद्रीच्या पलीकडे, मुळशीस आहे. मुळा नदी स्वभावतः पूर्ववाहिनी. भीमेला मिळून कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागराला जाणारी. मुळशी येथें धरण बांधून तिचें पाणी अडविण्यांत आलें, बोगद्यांतून व नळांतून पश्चिमेला वळविण्यांत आलें, आणि सुमारें ५०० मीटर उंचीवरून भिरा येथील वीजघराच्या चक्रांवर सोडण्यांत आलें. टाटांचें हें वीजघर १९२७ सालीं सुरू झालें. वीज मुंबईला गेली. चक्रें फिरवून मोकळें झालेलें पाणी कुंडलिकेंत आलें. कोलाडजवळ याच लोंढ्यावर हौशी लोक सकाळीं रबरी होड्या घालतात. डोलवहाळच्या बंधाऱ्यापासून हेंच पाणी कालव्यांनीं शेतांना जातें. आणि धाटावच्या कारखान्यांची तहानहि हीच नदी भागविते. या पाण्याची किंमत कोणीं भरली तें शेवटीं येईलच. प्रथम वाफेकडे वळूं.

धाटावच्या मनोऱ्यांत चालतें तरी काय? रंगद्रव्यें, औषधांचे कच्चे घटक, शेतीचीं रसायनें असे नाना जिन्नस या वसाहतींत तयार होतात. प्रत्येकाची कृति निराळी, परंतु एक क्रिया पुष्कळ ठिकाणीं सारखीच आढळते. द्रव तापवावयाचा, त्यांतील लवकर उडणारा अंश वाफेच्या रूपानें वर चढूं द्यावयाचा, आणि ती वाफ थंड करून पुनः द्रव गोळा करावयाचा. यालाच ऊर्ध्वपातन म्हणतात. वापरलेलें द्रावक शुद्ध करून पुनः कामास घ्यावयाचें असो, कीं मिसळलेले दोन द्रव वेगळे करावयाचे असोत, उष्णता पाहिजेच. ती पोंचविण्यास वाफ पाहिजे, वाफेला बॉयलर पाहिजे, आणि बॉयलरला अग्नि पाहिजे. कारखान्यांतील हा अग्नि आजवर बहुधा कोळशानें, तेलानें किंवा भूगर्भांतून काढलेल्या वायूनें पेटविला गेला आहे. त्याच्या धुराबरोबर कर्बवायु, म्हणजे कार्बन डाय-ऑक्साइड, हवेंत जातो व पृथ्वीचें तापमान वाढविण्यास कारण होतो. तो अग्नि बदलावयाचा तर त्याच्या जागीं काय आणावें, हा प्रश्न आज धाटावसारख्या प्रत्येक वसाहतीपुढें उभा आहे.

या प्रश्नाचें एक उत्तर अनपेक्षित ठिकाणाहून आलें आहे. तें रसायनाच्या कारखान्यांतून नव्हे, तर मद्याच्या भट्टींतून आलें. हें वाटतें तितकें विचित्र नाहीं. ऊर्ध्वपातनाची कला भट्टीनें फार पूर्वींच आपलीशी केली आहे. गोव्यांतली काजूची भट्टी ज्यानें पाहिली असेल त्याला ती निराळी समजावून सांगण्याचें कारण नाहीं. काजूच्या बोंडांचा रस आंबवून भांड्यांत उकळावयाचा, वाफ थंड करून धरावयाची. पहिल्या खेपेची ती हुर्राक, आणि पुनः उकळली कीं फेणी. व्हिस्की ही याच कुळांतली. मोड आणलेले जव भरडून गरम पाण्यांत भिजवितात, त्यांतला गोडवा उतरवून घेतात व यीस्ट घालून आंबवितात. सुमारें ८ टक्के मद्यार्क असलेलें हें आंबवण तांब्याच्या मोठ्या भांड्यांत बहुधा दोनदां उकळतात. दुसऱ्या खेपेला हातीं येणारा अर्क सुमारें ७० टक्के तीव्रतेचा असतो. तो ओकच्या पिंपांत वर्षानुवर्षे मुरला म्हणजे व्हिस्की होते. हा धंदा आतां केवळ स्कॉटलंडचा राहिलेला नाहीं. बंगलोरच्या अमृत आसवनीनें आपली जवाची व्हिस्की २००४ सालीं थेट ग्लासगोच्या बाजारांत मांडली, आणि गोव्यांतील कुंकळ्ळीच्या आसवनींतून निघणारी पॉल जॉन २०१२ सालीं बाहेर आली.

अशा आसवनींतून कर्बवायु दोन वाटांनीं बाहेर पडतो. आंबतांना निघणारा वायु जवाच्या रोपानें त्याच हंगामांत हवेंतून घेतलेला असतो. तो हवेला परत गेला तर हिशेब फिटतो. भांड्याखालीं जळणाऱ्या कोळशाचा, तेलाचा किंवा खनिज वायूचा कर्ब मात्र कोट्यवधि वर्षें भूगर्भांत गाडलेला असतो. तो वर आला कीं ऋण वाढतें. म्हणून आसवन्यांचें लक्ष भांड्याखालच्या अग्नीकडे गेलें. २०२० सालीं ब्रिटिश सरकारनें आसवन्यांना खनिज इंधनापासून मुक्त करण्याच्या प्रयोगांसाठीं १ कोटि पौंडांची योजना जाहीर केली. तिच्यांतून ज्या आसवन्यांच्या हायड्रोजन-योजनांना मदत मिळाली त्यांत आयले बेटावरील ब्रुइकलॅडी आणि अँगस परगण्यांतील आर्बिकी या दोन होत्या. जपानांत संटोरी कंपनीनें यामाझाकी येथील आपल्या प्रायोगिक आसवनींत हायड्रोजनची ज्योत प्रत्यक्ष भांड्याखालीं लावून अर्क काढून पाहिला, व तो प्रयोग यशस्वी झाल्याचें २०२४ सालीं जाहीर केलें. थेट ज्योतीनें भांड्याचा तळ वाफेपेक्षां पुष्कळ अधिक तापतो व त्याचा परिणाम अर्काच्या चवीवर होतो. ती चव टिकवून धूर टाळावयाचा हा तेथील हेतु होता.

हा हायड्रोजन म्हणजे कोण? जुन्या मराठी शास्त्रीय लेखनांत त्याला उज्ज म्हणत. सर्व वायूंत तो हलका; पाण्याच्या प्रत्येक थेंबांत प्राणवायूशीं जखडलेला. पाण्यांत विजेचा प्रवाह सोडला कीं दोघांची फारकत होते. यास विद्युत्पृथक्करण म्हणतात. पुढें हायड्रोजन जाळला कीं तो हवेंतील प्राणवायूशीं पुनः संयोग पावतो, उष्णता देतो, आणि मागें पाण्याची वाफ राहते. कर्ब त्यांत मुळींच नाहीं, म्हणून धुरांत कर्बवायूहि नाहीं. फारकतीला लागणारी वीज सूर्य, वारा किंवा धबधबा यांजपासून घेतली तर त्या हायड्रोजनला ‘हरित’ म्हणतात. भारत सरकारनें २०२३ सालीं याची व्याख्याच बांधून दिली आहे: एक किलो हायड्रोजन तयार करतांना दोन किलोंहून अधिक कर्बवायु निघतां कामा नये. त्याच वर्षाच्या ४ जानेवारीस केंद्रीय मंत्रिमंडळानें १९,७४४ कोटि रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेस मंजुरी दिली. २०३० पर्यंत दरसाल ५० लाख टन उत्पादन हें तिचें उद्दिष्ट आहे. महाराष्ट्रानेंहि २०२३ च्या जुलै महिन्यांत आपलें स्वतंत्र धोरण मंजूर केलें.

येथवरचें वृत्त ऐकून कोणासहि वाटेल कीं, मग धाटावच्या बॉयलरखालीं उद्यांच हायड्रोजन कां पेटवूं नये? भांड्यांत व्हिस्की आहे कीं द्रावक, याची ज्योतीला काय पर्वा?

पहिली अडचण त्या ज्योतीच्या स्वभावाची आहे. हायड्रोजनची ज्योत दिवसाच्या उजेडांत जवळजवळ दिसत नाहीं. हवेंत त्याचें प्रमाण ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कितीहि असलें तरी तें मिश्रण पेट घेऊं शकतें. त्याचा रेणु इतका बारीक कीं इतर वायूंना पुरणाऱ्या सांध्यांतूनहि तो निसटतो, आणि कांहीं जातींच्या पोलादांत शिरून त्यांना ठिसूळ करतो. शिवाय ज्योत फार तापली तर हवेंतील नत्र व प्राणवायु यांचा संयोग होऊन घातक वायु निर्माण होतात. त्यासाठीं खास बनविलेले बर्नर लागतात. जेथें पेट घेणारीं द्रावकें टाक्याटाक्यांनीं भरलेलीं आहेत, तेथें असला पाहुणा घरांत घेतांना शंभर वेळां विचार करावा लागतो. तरीहि या अडचणी सुटणाऱ्या आहेत; जगांतील तेलशुद्धीकरणाचे व खतांचे कारखाने रोज हायड्रोजन हाताळीत आलेले आहेत.

खरी अडचण हिशेबाची आहे, आणि तो हिशेब भिऱ्याच्या पाण्यानें मांडला म्हणजे कोंकणांतल्या माणसाला लगेच उमजेल. आजच्या चांगल्या यंत्रानें एक किलो हायड्रोजन काढावयास सुमारें ५२ युनिट वीज लागते. ५०० मीटर उंचीवरून एक घनमीटर, म्हणजे एक हजार लिटर पाणी पडलें तर यंत्रांतील घट वजा जातां सुमारें १.२ युनिट वीज मिळते. म्हणजे एका किलो हायड्रोजनसाठीं ४३ घनमीटर पाणी सह्याद्रीवरून खालीं यावें लागेल. आतां हा किलोभर हायड्रोजन बॉयलरमध्यें जाळला तर सुमारें ३० युनिट उष्णता वाफेच्या कामीं येईल. तेवढ्या उष्णतेनें साध्या थंड पाण्याचे ४२ लिटर वाफ होऊन उडतील. घाटावरून त्रेचाळीस हजार लिटर पाणी खालीं उतरवावें तेव्हां कोठें खालच्या बॉयलरमधलें बेचाळीस लिटर पाणी उकळून संपावें, असा हा व्यवहार आहे. खालीं उतरलेलें पाणी नाहींसें होत नाहीं, तें कुंडलिकेंतून पुढें जातें, हें खरें. परंतु त्याची उंची एकदांच खर्चतां येते.

तीच ५२ युनिट वीज सरळ विजेच्या बॉयलरला दिली असती तर सुमारें ७० लिटरांची वाफ झाली असती. आणि याहून चांगला तिसरा मार्ग आहे. ऊर्ध्वपातनांत वाफ करण्यासाठीं घातलेली बहुतेक उष्णता वाफ थंड करतांना पाण्याला देऊन टाकली जाते. मनोऱ्यावर दिसणारे पांढरे लोट हे पुष्कळदां त्या टाकून दिलेल्या उष्णतेचेच असतात. ही जाणारी वाफ यंत्रानें दाबली तर तिचें तापमान चढतें, आणि तीच पुनः भांडें तापविण्याच्या कामीं येते. अशा यंत्रानें विजेच्या एका युनिटांत तीन युनिट उष्णतेचें काम झालें असें धरलें, तर ५२ युनिटांत दोनशें लिटरांहून अधिक पाण्याची वाफ होते. कित्येक कामांत फळ याहूनहि अधिक मिळतें. म्हणजे बॉयलरमध्यें हायड्रोजन जाळणें ही जमेची बाजू घटवून खर्चाची बाजू फुगविण्याची रीत झाली.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. वीज कोठून घेतली? देशाच्या वीजजाळ्यांत अजून कोळशाच्या विजेचा भाग मोठा आहे. सरासरी एका युनिटामागें सुमारें ०.७ किलो कर्बवायु निघतो. त्या विजेनें हायड्रोजन केला तर एका किलोमागें ३६ किलो कर्बवायु झाला. तितकीच उष्णता कोळसा थेट जाळून मिळविली तर तो सुमारें ११ किलो होतो. धाटावचें धुराडें स्वच्छ दिसेल, पण तिप्पट धूर दूरच्या कोणत्या तरी वीजकेंद्रावर निघेल. साध्या विजेच्या बॉयलरलाहि थोड्या प्रमाणांत हाच दोष लागतो. तेव्हां वीज हरित असल्याखेरीज हायड्रोजनला हरित म्हणणें म्हणजे पाटी बदलून माल तोच विकणें होय.

मग व्हिस्कीच्या भट्टींतील ते प्रयोग व्यर्थ ठरतात काय? तसें नाहीं. जेथें थेट ज्योतीवांचून चव साधत नाहीं, किंवा जेथें बेटावर वारा उदंड आहे आणि कोळसा-तेल मात्र जहाजानें आणावें लागतें, तेथें त्यांना अर्थ आहे. आणि नव्या बर्नरांची परीक्षा कोठें तरी व्हावयासच पाहिजे. शिवाय व्हिस्की हा महाग माल आहे. इंधनाची जादा किंमत बाटलीच्या दरांत मुरूं शकते. रंगाच्या पिंपाला किंवा औषधाच्या पोत्याला ती चैन परवडत नाहीं. महाराष्ट्रांतील साखर कारखान्यांच्या आसवन्यांकडे पाहिलें तर तेथें मळीपासून मद्यार्क काढतांना वाफेसाठीं उसाचें चिपाड जळतें. तो कर्बहि त्याच सालच्या उसाचा. म्हणजे त्या आसवन्यांना हायड्रोजनची वाट पाहण्याचें कारणच नाहीं.

हायड्रोजनची खरी गरज शोधावयाची तर ती रायगड जिल्ह्यांतच सांपडते. धाटावपासून कुंडलिकेच्या प्रवाहाबरोबर खालीं गेलें कीं नदी रेवदंड्याच्या खाडीला मिळते. तेथें सालाव येथें स्पंज आयर्नचा कारखाना खनिज वायूवर उभारला गेला, आणि पेण तालुक्यांत डोलवी येथेंहि लोखंड बनविण्याची हीच रीत आली. लोहखनिजांतील प्राणवायु काढून घेणारा पदार्थ तेथें लागतो. आज तो खनिज वायूपासून मिळतो. ते काम हायड्रोजन करूं शकतो, आणि एक टन लोखंडासाठीं तत्त्वतः तो सुमारें ५४ किलो पुरतो. अलिबागजवळ थळ येथें राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यांत अमोनिया व युरिया होतो. अमोनियाच्या प्रत्येक टनांत सुमारें १७७ किलो हायड्रोजनच असतो. खनिज वायूपासून हायड्रोजन काढतांना एका किलोमागें ९ किलोंच्या आसपास कर्बवायु निघतो. या ठिकाणीं हायड्रोजन हें इंधन नसून प्रत्यक्ष साहित्य आहे. त्याच्या बदलीं वाफ, वीज किंवा चिपाड चालत नाहीं. धाटावसारख्या वसाहतींतहि नत्रयुक्त द्रव्यांपासून अमाइन करतांना हायड्रोजनच लागतो. जो हरित हायड्रोजन थोडा व महाग मिळणार, तो पाणी उकळण्यांत उधळावा, कीं ज्याच्यावांचून लोखंड, खत व रसायनें यांचें अडतें त्यांना द्यावा? प्रश्न असा मांडला कीं उत्तर आपोआप येतें.

धाटावच्या मालकांना व कामगारांना हा विवेक केवळ पुस्तकी नाहीं. येथला माल परदेशीं जातो, आणि परदेशचे ग्राहक आतां मालाबरोबर त्याच्या धुराचा हिशेब मागूं लागले आहेत. युरोपीय संघानें सीमेवरचा कर्बकर १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू केला. लोखंड, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतें, वीज आणि स्वतः हायड्रोजन यांवर त्याची पहिली दृष्टि आहे. रंग व सेंद्रिय रसायनें पहिल्या यादींत नाहींत, पण त्यांची पाळी येणारच नाहीं असें धरून चालणें शहाणपणाचें होणार नाहीं. ज्या कारखान्यानें तोंवर वाया जाणारी उष्णता परत कामास लावली असेल, गळती थांबविली असेल आणि स्वच्छ विजेचा करार केला असेल, त्याला ती पाळी जड जाणार नाहीं. ज्यानें नुसती हायड्रोजनच्या नांवाची वाट पाहिली असेल, त्याची भट्टी थंड पडूं शकेल. आणि भट्टी थंड पडली कीं पंचक्रोशींतल्या चुलीहि थंडावतात.

पाण्याचाहि हिशेब आहे. एका किलो हायड्रोजनच्या अंगीं ९ लिटर पाणी जातें. शुद्धीकरण व थंडावा यांसाठीं आणखी लागतें. हा आंकडा मोठा नाहीं, पण तो ज्या नदींतून उचलावयाचा ती कुंडलिका प्रदूषित नदीपट्ट्यांच्या केंद्रीय यादींत नोंदली गेलेली आहे. हवा शुद्ध करण्याच्या कामाचा भार नदीवर पडूं नये, ही अट हरित या शब्दांत सामावलेली असली पाहिजे.

आणि आतां त्या किंमतीविषयीं. मुळशीचें धरण होऊं लागलें तेव्हां मावळांतल्या शेतकऱ्यांनीं आपल्या भातजमिनी सोडण्यास नकार दिला. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीस, सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट त्याचे अग्रणी होते. याच लढ्यानें त्यांना सेनापति हें नांव मिळालें. १९२४ पर्यंत झगडा चालला. धरण झालें, मुळशी पेट्यांतील बावन्न गांवांवर आपत्ति आली, आणि भिऱ्याचे दिवे मुंबईंत लागले. त्या पाण्यानें पुढें कोंकणांत शेतें भिजविलीं, धाटाव वसविलें, हजारों संसार चालविले, हेंहि तितकेंच खरें. दोन्ही गोष्टी एकाच नदींतून वाहत आहेत. ५० लाख टन हायड्रोजनला वरच्या हिशेबानें सुमारें २६० अब्ज युनिट वीज लागेल. ती सूर्यपट्ट्यांची असो, पवनचक्क्यांची असो, कीं डोंगरावर पाणी चढवून उतरविण्याच्या नव्या योजनांची असो, तिच्यासाठीं कोणाची तरी जमीन, कोणाचें तरी माळरान, कोणाचें तरी पाणी लागणार. ज्याची किंमत अशी कोणीं तरी भरलेली असते, तो जिन्नस जपून वापरण्याचें कर्तव्य वापरणाऱ्यावर येतें.

म्हणून धाटावच्या दारांत हायड्रोजन आला तर त्याला अवश्य घ्यावें. पण त्याची जागा बॉयलरखालीं नव्हे, रसायनाच्या भांड्यांत आहे. बॉयलरचा प्रश्न आधीं वाफ वांचवून सोडवावा, उरलेला स्वच्छ विजेनें सोडवावा. यामाझाकीच्या भांड्याखालीं दिसेल न दिसेल अशी जळलेली ती ज्योत खरोखर कौतुकास्पद आहे. तथापि धाटावच्या मनोऱ्यावरून रोज आकाशांत विरून जाणारी पांढरी वाफ आधीं परत आणणें, हें जवळचें व स्वस्त काम आहे. तें ज्या दिवशीं होईल त्या दिवशीं भिऱ्याच्या पाण्याचा प्रत्येक थेंब आजच्याहून अधिक मोलाचें काम करूं लागेल.